थोरलीचा वाटा

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्यावर ती आली ती उज्ज्वला आजही तेलगावच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात, त्याच वस्तीवर राहते. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावं. तिच्या लेकराला बघावं, आणि त्या लेकराच्या आजीलाही बघावं.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात.

ही रात्रीची नाही. ही भर दुपारी सुरू झाली, ऊन पत्र्यावर तापत असताना.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती. उसाच्या गाड्या कारखान्याकडं निघाल्या होत्या. आणि उज्ज्वलाच्या मल्हारचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता.

उज्ज्वला ही परमेश्वरची दुसरी बायको. पहिली संगीता. ती वारली, मग काही काळानं परमेश्वरनं दुसरा घरोबा केला. यांच्यात एक रीत आहे. बायको वारलेल्या माणसाशी जी लग्न लावते, तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची उठावाची मूर्ती. काळ्या दोऱ्यात ओवून तो मंगळसूत्राच्या शेजारी घालायचा. मेलेलीचं नाव घ्यायचं नाही. थोरली म्हणायचं.

आणि घरात जे नवं येईल, ते आधी थोरलीचं.

उज्ज्वलाचं माप ओलांडून झालं, तेव्हाच सासूनं, साखराबाईनं, तिला हे बजावून सांगितलं होतं. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग अंगाला. बांगड्या भरल्या तर एक जोड आधी देव्हाऱ्यात. हंगामाचा पहिला आंबासुद्धा आधी टाकापुढं. थोरलीला विसरलं तर ती धाकलीला सुखानं नांदू देत नाही.

उज्ज्वलानं हे कधी चुकवलं नाही. तिला त्याचं भ्यावही वाटत नव्हतं. माहेरी तिला बहीण नव्हती. भाकरी थापताना ती मनातलं काहीबाही थोरलीला सांगायची, आणि तिला बरं वाटायचं.

थोरली कशानं गेली, एवढं तिनं एकदा विचारलं होतं.

तापानं, असं सासू म्हणाली. आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली.

वाढदिवसाच्या आधीच्या बाजाराला उज्ज्वला नवऱ्याबरोबर तेलगावला गेली. मल्हार कडेवर होता. परमेश्वर खताच्या दुकानात शिरला आणि ती खेळण्यांच्या पालाशी बसली. पाल रुक्मिणीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचं. ताडपत्रीवर सगळं पसरलेलं. खुळखुळे, पिपाण्या, बाहुल्या, भिंगऱ्या, प्लास्टिकचे ट्रॅक्टर. एका कडेला लाकडी पांगुळगाडेही होते, तीन चाकांचे. लेकरू दांड्याला धरून उभं राहतं आणि गाडा ढकलत चालायला शिकतं, ते. आजकाल ते फारसं कुणी घेत नाही.

रुक्मिणीबाई मोठी बोलकी. एवढ्या लेकराला काय घ्यावं, हे तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली.

"डोळं चिकटवलेली चीज घेऊ नको बाय. डोळा निघतो आन् लेकराच्या घशात जातो. रंग नखानं खरवडून बघ. ह्या वयात सगळं तोंडानंच बघत्यात ती."

उज्ज्वलानं नीट बघून बघून घेतलं. एक पिवळा खुळखुळा. एक छोटा जेसीबी, कारण रस्त्यानं जेसीबी गेला की मल्हार आनंदानं ओरडायचा. आणि पाऊल टाकलं की पी वाजणारे लाल बूट. मल्हार नुकताच चालायला लागला होता, नुसतं चालायला नाही, धावायला.

रुक्मिणीबाईनं त्या ढिगात एक कापडी बाहुली ठेवली.

उज्ज्वलानं ती काढून बाजूला ठेवली. म्हणाली, मला पोरगा आहे.

रुक्मिणीबाईनं ती पुन्हा ठेवली.

"तुमी आधी एकमेकीत ठरवा की," ती हसून म्हणाली. "तू जेसीबी म्हणतीस, तुझी थोरली बाहुली म्हणती."

उज्ज्वलाचा हात तसाच राहिला...

"कोण थोरली?"

"ही काय, तुझ्या पाठीशी." रुक्मिणीबाईनं मान वर केली. तिनं गर्दीत इकडंतिकडं पाहिलं. "गेली वाटतं. आत्ता हुती."

उज्ज्वलानं वळून बघितलं. मागं उसाचा रस पिणारी माणसं होती. तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

पण कडेवरचा मल्हार तिच्या खांद्यावरून मागं बघत होता.

आणि हसत होता...

घरी आल्यावर ती खेळण्यांची पिशवी घेऊन थेट देव्हाऱ्याकडं गेली. पालावरचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. ती बूट टाकाला लावणार, तेवढ्यात सासूनं पाठीमागून तिचा हात धरला. खेळण्यांना टाक कशाला, ती म्हणाली. साडी, बांगडी ह्या बाईच्या चीजा. लेकराच्या खेळण्यात थोरलीचं काय असणार?

बोलणं बरोबर वाटत होतं. रीत साडीची होती, आंब्याची होती. खेळण्याची कुणी सांगितली नव्हती, कारण ह्या घरात थोरलीच्या मागं खेळणी कधी आलीच नव्हती.

पण सासूनं हात जरा जास्तच घट्ट धरला होता.

उज्ज्वलानं खेळणी तशीच मल्हारपुढं ठेवली.

चूक झाली ती एवढीच.

वाढदिवस झोकात झाला. केक आणला, फुगे लावले, केजला दिलेली नणंद आली. मल्हार लाल बूट घालून अंगणभर पळाला. पी, पी, पी. साखराबाई त्याच्यामागं पळून पळून दमली. सगळे हसत होते. दिवस मावळायच्या आत पाहुणे गेले. रात्री सगळे गाढ झोपले. काही झालं नाही.

झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

उज्ज्वला चुलीपाशी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. परमेश्वर मेंढरांचा चारा आणायला गेला होता, सासू भावकीत गेली होती. मल्हार झोळीत झोपला होता.

घरामागून आवाज आला.

पी...

तिनं हातातलं पीठ झटकलं. पोरगं उठलं वाटतं, असं म्हणून ती उठली.

पी...

मग बराच वेळ काही नाही.

पी...

चालता चालता ती थांबली. हे मल्हारचं चालणं नव्हतं. मल्हार भरभर पळायचा. हे एक पाऊल टाकत होतं, थांबत होतं, तोल सावरत होतं, मग दुसरं टाकत होतं. हे कुणीतरी आत्ता कुठं शिकत होतं.

तिनं झोळीत वाकून बघितलं. मल्हार झोपेत होता. पाय उघडे होते.

ती घरामागं गेली. मेंढरांचा वाडा तिथंच आहे, काटेरी कुडाचा. आतली सगळी मेंढरं एका बाजूला दाटून उभी होती. एकही ओरडत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच कोपऱ्याकडं होती.

त्या कोपऱ्यात लाल बूट होते. जोडीनं ठेवलेले. टोकं कुडाकडं, जसं कुणी कुडाला धरून उभं असावं...

तिनं बूट उचलले. आतून ते गरम होते.

मल्हार जागा झाल्यावर तिनं त्याला खाली ठेवलं.

त्याचे पाय दुमडले.

तिनं पुन्हा उभं केलं. पुन्हा दुमडले. काल अंगण डोक्यावर घेणारं पोर मातीच्या गोळ्यासारखं बसलं ते बसलंच. ताप नव्हता. कुठं दुखत नव्हतं. तळपायाला गुदगुल्या केल्या तरी पाय हलेना.

परमेश्वर म्हणाला, लचकला असेल. तेल लावलं, शेकलं.

दोन दिवसांनी, पुन्हा दुपारीच, धान्याच्या खोलीतून खुळखुळा वाजला. खोलीला बाहेरून कडी होती. उज्ज्वलानं कडी काढली, तर खुळखुळा ज्वारीच्या पोत्यावर पडलेला होता. अजून थोडा डुलत होता.

त्या संध्याकाळी मल्हारनं रडायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, मान लाल झालेली. आणि घरात शांतता. उज्ज्वला सांगते, माझ्या आयुष्यात मी एवढी शांतता ऐकली नाही.

केजला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रक्त बघितलं, फोटो काढले. काही सापडलं नाही. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथंही तेच. लेकरू ठणठणीत आहे म्हणाले. ठणठणीत लेकरू आईच्या मांडीवर लाकडासारखं पडलं होतं.

घरी परतले तेव्हा जेसीबी उंबऱ्यावर होता. तो कुणी तिथं ठेवला, ते कुणालाच सांगता आलं नाही.

आणि त्या दिवसापासून मल्हारचे हात मिटेनात. बोट दिलं तर धरेना. आईचा पदर धरेना. दोन्ही तळवे उघडे, रिकामे. त्याचं दूध पिणंही कमी कमी होत गेलं.

एकेका खेळण्याशी कुणीतरी खेळत होतं, आणि त्याच्याबरोबर लेकरातलं एकेक जात होतं. आता पुढं काय जाणार, हे उज्ज्वलाला कुणी सांगायची गरज नव्हती.

सासरा, तात्याबा, हा मुळात अबोल माणूस. त्याचा दिवस वाड्याशी सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. दिवस कलताना उज्ज्वला त्याच्याकडं गेली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"मामा, थोरलीला लेकरू हुतं का?"

तात्याबानं काठी खाली ठेवली.

"हुतं," तो म्हणाला. "पोरगी हुती."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. पोरगी झाली म्हणून साखराबाईनं बारसं केलं नाही. पोरीला नाव नव्हतं. ती भिंतीला धरून उभी राहायला लागली, तेव्हा संगीताचा भाऊ राधाकिशन भाचीसाठी खेळणी घेऊन आला. बाहुली, खुळखुळा, आणि गावच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला पांगुळगाडा, लाल-हिरवा रंगवलेला. पहिलं पाऊल मामाच्या गाड्यावर पडावं, अशी त्याची हौस. राधाकिशन जाताच साखराबाईनं सगळं उचलून माळ्यावर ठेवलं. पोरीच्या जातीला एवढी खेळणी कशाला, म्हणाली. पोरगी खाली उभी राहून माळ्याकडं हात करायची.

पुढं केजला नणंदेच्या पोराचं जावळ निघालं. साखराबाईला न्यायला जीप आली. तिनं माळ्यावरची खेळणी काढली आणि नातवाला द्यायला जीपमध्ये भरली. परमेश्वर तेव्हा मेंढरं घेऊन लांब मुलखात गेलेला. आणि पोरगी तापानं फणफणलेली. संगीता तिला घेऊन दारात आली. मला आणि पोरीला केजपर्यंत न्या, दवाखान्यात सोडा, म्हणाली. साखराबाई म्हणाली, शुभकार्याला निघताना आजारी लेकरू नको. आणि जीपमध्ये जागाही नाही.

"जागा हुती का न्हवती, मला ठावं न्हाई," तात्याबा म्हणाला. "मी हितं वाड्यामागं हुतो. मला सगळं ऐकू आलं. पर मी उठलो न्हाई."

पोरगी दिवेलागणीला गेली.

तिला शेताच्या बांधाला, बाभळीखाली पुरलं. संगीतानं नंतर अन्नाला हात लावला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, आणि परमेश्वर परत यायच्या आत तीही गेली. घरात पुन्हा त्या दोघींचं नाव कुणी काढलं नाही. परमेश्वरला ताप एवढंच सांगितलं.

उज्ज्वलानं एकच गोष्ट विचारली. पुरताना पोरीच्या हातात काय दिलं होतं?

लहान लेकरू मातीत ठेवताना सोबत काहीतरी देतात. वाटी, खेळणं, काहीही.

"काय देणार?" तात्याबा म्हणाला. "सगळं जीपमधी गेलतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच उज्ज्वला मल्हारची सगळी खेळणी घेऊन बाभळीखाली गेली. हळदकुंकू वाहिलं. हे तुझ्या लेकीचं, म्हणाली. मी चुकले, माझ्या लेकराला सोड.

दुपारी ती आतून ओसरीवर आली, तर सगळी खेळणी परत आलेली होती.

बूट, खुळखुळा, जेसीबी. रांगेनं मांडलेले. उज्ज्वलाच्या खोलीकडं नाही. मल्हारच्या झोळीकडं नाही.

साखराबाईच्या बाजेकडं तोंड करून...

बाजेवर साखराबाई बसली होती. ती खेळण्यांकडं बघत होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तेव्हा उज्ज्वलाला कळलं. थोरलीला तिच्याकडून काही नको होतं. तिचा हिशोब सासूशी होता.

ती सासूसमोर उभी राहिली. उद्या बाजार आहे, म्हणाली. तुम्ही चला, आणि तुमच्या हातानं त्या पोरीला खेळणं निवडा. साखराबाई आधी चिडली. मेलेल्या पोरीला खेळणी घेतली तर गाव तोंडात शेण घालेल, म्हणाली. मी कुणाला भीत नाही, म्हणाली. का म्हणून जाऊ मी, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

उज्ज्वला भांडली नाही. तिनं मल्हारला आणून सासूच्या मांडीवर ठेवलं. त्याचे दोन्ही तळवे वर, उघडे.

"आत्या, ह्याला बी मातीत असंच रिकामं ठिवायचं का?"

साखराबाई गेली.

बाजारात गर्दी होती. लख्ख ऊन होतं. रुक्मिणीबाईच्या पालाशी साखराबाई उकिडवी बसली. उज्ज्वला मागं उभी राहिली. तिनं रुक्मिणीबाईला काहीही सांगितलं नव्हतं.

साखराबाईनं सगळ्यात जवळची बाहुली उचलली.

रुक्मिणीबाईनं तिच्या खांद्याच्या वरून मागं बघितलं. मग बाहुली हातातून काढून घेतली आणि जागेवर ठेवली.

"हे न्हाई म्हणत्यात."

"कोण?" साखराबाईनं विचारलं. पण तिनं मागं वळून बघितलं नाही.

तिनं खुळखुळा उचलला.

"न्हाई."

भिंगरी. पिपाणी. पितळेची छोटी भांडी. रुक्मिणीबाई प्रत्येक वेळी तिच्या खांद्यावरून वर बघायची, ऐकल्यासारखं करायची, आणि चीज काढून घ्यायची. सुरुवातीला ती हसत होती. मग हसायची थांबली. उज्ज्वला मागंच उभी होती. रुक्मिणीबाईची नजर तिच्याकडं नव्हती. तिच्या आणि साखराबाईच्या मधोमध होती.

तिथं हातभर जागा होती. रिकामी.

साखराबाईच्या कपाळावरून घाम गळायला लागला. ताडपत्रीवरचं बहुतेक सगळं तिनं उचलून झालं. फक्त एका कडेला ती बघत नव्हती. तिचा हात तिकडं जायचा आणि परत यायचा.

पांगुळगाडे तिथं होते.

"आता घ्या की," रुक्मिणीबाई हळूच म्हणाली. "कवापासनं वाट बघत्यात त्या."

साखराबाईनं गाडा उचलला. लाल-हिरवाच होता.

रुक्मिणीबाईनं वर बघितलं...

आणि मान डोलावली. त्या गाड्याचं काहीच घेतलं नाही तिनं. तुम्ही आता लवकर जा, एवढंच म्हणाली.

दिवेलागणीला साखराबाई गाडा घेऊन बाभळीखाली गेली. एकटी. उज्ज्वलानं जायचं नाही, असं तात्याबानंच सांगितलं. ती मल्हारला घेऊन ओसरीवर बसली. तिथून बांध दिसतो, पण नीट नाही. उसाच्या कडेला म्हातारीच्या लुगड्याचा पदर तेवढा दिसत होता.

ती वाकली. गाडा खाली ठेवला.

आणि वाकलेलीच राहिली.

बराच वेळ ती तशीच होती. जणू तिनं गाड्याचा दांडा धरलाय, आणि दुसऱ्या बाजूनंही कुणी धरलाय, आणि ते तिला सोडू देत नाही...

मग लाकडी चाकांचा आवाज आला. खड... खड... खड... वाऱ्यानं आणल्यासारखा, इतक्या लांबून.

उज्ज्वलाच्या मांडीवर मल्हारचा हात मिटला.

त्यानं आईचं बोट धरलं. मग तोंड उघडून असा काही रडला की वाड्यातली सगळी मेंढरं एकदम ओरडायला लागली. उज्ज्वलानं त्याला छातीशी धरलं आणि तीही रडली. परमेश्वर धावत आला. तात्याबानं वाड्यापाशीच जमिनीला डोकं टेकवलं.

साखराबाई परत आली तेव्हा तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. कुणाशी काही बोलली नाही. हात धुतले आणि पडली.

सकाळी परमेश्वर बांधाकडं जाऊन आला. गाडा तिथं नव्हता. बाभळीभोवती नांगरलेल्या मऊ मातीत तीन चाकांच्या खुणा होत्या. गोल गोल, रात्रभर कुणी फिरवल्यासारख्या. पावलाची खूण एकही नव्हती.

मल्हार त्याच दुपारी चालायला लागला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

साखराबाईनं अंगणात बसून नातवाला हाक मारली. मल्हारनं बघितलं नाही. ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली, मल्हाऱ्या, ये की आजीकडं. तो तिच्या अगदी पुढून गेला, जसं आपण रिकाम्या बाजेपुढून जातो. उज्ज्वलानं आतून हळू हाक मारली तर लगेच वळला. कानाला काही झालं नव्हतं.

साखराबाईनं हात धरला. मल्हार थांबला. आपला हात कशात अडकला, हे तो बघत राहिला. त्याची नजर तिच्या हातावर होती, पण तिच्या हातावर थांबत नव्हती.

एकदा तिनं त्याला उचलून घेतलं. ते उज्ज्वलानं स्वतः बघितलं. पोरगं जमिनीपासून वर गेलं आणि भ्यायलं. खाली बघत, हातपाय झाडत, किंचाळत राहिलं. कुणी धरलेलं नसताना हवेत लटकल्यासारखं.

तिनं पुन्हा उचललं नाही.

आता त्याला चार वर्षं होत आली. तो बोलतो, पळतो, आजोबांच्या पाठीवर बसतो. घरात कोण कोण आहे विचारलं तर आई, अण्णा आणि आबा असं सांगतो. आजी म्हणत नाही. आजी कुठंय विचारलं तर तुमच्या तोंडाकडं बघत राहतो. त्याला तो शब्दच ठाऊक नाही.

साखराबाई अजून प्रत्येक बाजाराला जाते. खेळणं निवडते. रंग नखानं खरवडून बघते, डोळे ओढून बघते. आणून नातवापुढं धरते. तो बाजूनं निघून जातो. ओसरीच्या कोपऱ्यात ढीग साठलाय. बॉल, गाड्या, बंदुका, धूळ खात पडलेल्या. मल्हार त्या कोपऱ्यात कधी खेळत नाही.

मागच्या दिवाळीत साखराबाईनं उज्ज्वलाचे पाय धरले.

चुलीपाशी दोघीच होत्या. म्हातारी रडत होती. थोरली तुझ्या गळ्यात आहे, ती म्हणाली. ती तुझं ऐकते. तिला सांग, मला आता सोड म्हणावं. मरायच्या आधी एकदा माझ्या लेकराला माझ्याकडं बघू दे.

उज्ज्वलाला खरंच दया आली. सासूचे पांढरे केस, थरथरती मान, सगळं तिला दिसत होतं. सांगते आत्या, असं म्हणायचं तिच्या मनात होतं. तिनं टाकावर हात ठेवला. तोंड उघडलं.

आणि बोलली ते असं...

"मागल्या शीटवर जागा हुती, आत्या. मी दारातनं बघितली हुती."

साखराबाईचं रडणं थांबलं. तिनं पायावरचे हात हळूहळू काढून घेतले, आणि मागं सरकत सरकत भिंतीला टेकली.

उज्ज्वलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तात्याबाला माहीत नव्हतं. जीपचा ड्रायव्हर कोण होता, हे आज कुणालाच आठवत नाही. मागची सीट रिकामी होती हे दोघीच जाणत होत्या. जीपमध्ये बसलेली, आणि दारात उभी असलेली.

साखराबाईनं त्यानंतर काही मागितलं नाही.

आवाज माझाच होता, असं उज्ज्वला सांगते. दुसऱ्या कुणाचा आला असता तर बरं झालं असतं, म्हणते. कारण ते बोलून झाल्यावर तिला भीती वाटली नाही. खूप दिवसांचं ओझं उतरावं, तसं बरं वाटलं.

ते बरं वाटणं कुणाचं होतं, तेवढं तिला अजून कळलेलं नाही.